स्पर्शपटल रुसले तर?



गेल्या हिवाळ्यातील गोष्ट. शाळेच्या संगणककक्षात दहावीची एक विद्यार्थिनी आपल्या प्रकल्पाचे काम संपवीत बसली होती. आळंदचा लाडले मशायख यांचा दर्गा आणि गावातील जुन्या वास्तू यांविषयी तिने वडीलधाऱ्यांना विचारून माहिती जमविली होती व आठ दिवस खपून ती लॅपटॉपवर टंकित केली होती. दुसऱ्या दिवशी ती फाईल चटकन उघडता यावी म्हणून डेस्कटॉपवर तिचा शॉर्टकट करून ठेवावा, असे तिच्या मनात आले. लॅपटॉपच्या स्पर्शपटलावर, म्हणजे ज्याला आपण टचपॅड म्हणतो त्यावर, बोट ठेवून ती फाईल ओढू लागली. अर्ध्या वाटेत पटलाने दगा दिला. फाईल मध्येच कोठेतरी सुटली आणि पाहता पाहता दिसेनाशी झाली. आठ दिवसांचे श्रम वाया गेले, या कल्पनेने ती अगदी रडकुंडीस आली.

मी तिला सांगितले, "पटलाला हात लावू नकोस. कंट्रोलची कळ दाबून धर आणि झेड दाब." तिने तसे केले व फाईल निमूटपणे आपल्या मूळ जागी परत आली. झाले होते ते एवढेच, की वाटेत लागलेल्या दुसऱ्या एका फोल्डरवर बाण असताना पकड सुटली आणि फाईल त्या फोल्डरात जाऊन पडली. एकाच ड्राइव्हवर फाईल एका फोल्डरातून दुसऱ्यात ओढून टाकली, की तिचे स्थलांतर होते. शॉर्टकट होत नाही. नुकतीच केलेली अशी कृती कंट्रोल व झेड यांनी मागे घेता येते. हे ठाऊक नसते, तर त्या मुलीने रात्रभर जागून सारे पुन्हा लिहिले असते.

या प्रसंगावरून मला असे वाटले, की स्पर्शपटल नीट चालत नसता आपले काम कसे तडीस न्यावे, हे आपल्या वार्षिकातून सविस्तर सांगावे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी एकच लॅपटॉप असतो, तोही बहुधा जुना. दुरुस्तीसाठी सुमारे ४० किलोमीटरवरील कलबुर्गीस जावयाचे, तर एक दिवस मोडतो आणि खर्चही होतो. तोवर काम थांबवून ठेवण्याचे काहीच कारण नाही.

प्रथम शॉर्टकट म्हणजे काय, ते पाहू. शेतातून शाळेकडे येणारी एखादी पाऊलवाट असते. ती शाळा नव्हे, शाळेकडे नेणारी जवळची वाट होय. शॉर्टकटचेही तसेच आहे. तो मूळ फाईल नसून, ती कोठे ठेवली आहे तो पत्ता सांगणारी एक छोटीशी खूण आहे. तिच्या चित्राच्या डाव्या बाजूस खाली एक लहान बाण असतो, त्यावरून ती ओळखावी. शॉर्टकट पुसून टाकला, तरी मूळ फाईल सुरक्षित राहते. परंतु मूळ फाईलच पुसली, तर नुसता शॉर्टकट निरुपयोगी होतो. पुष्कळ विद्यार्थी पेनड्राइव्हवर फाईलऐवजी तिचा शॉर्टकट उतरवून घेतात आणि छपाईच्या दुकानात गेल्यावर "फाईल उघडत नाही" अशी तक्रार करतात. उघडणार कशी? त्यांनी घर सोबत आणलेलेच नसते, आणलेला असतो तो केवळ घराचा पत्ता!

आता स्पर्शपटलाकडे वळू. या पटलाच्या पृष्ठभागाखाली विद्युद्वाहक तारांची अत्यंत बारीक जाळी असते. आपले शरीर विजेचे वाहक असल्यामुळे बोट टेकताच त्या ठिकाणच्या विद्युत्धारितेत किंचित बदल होतो. हा बदल कोठे झाला, ते मोजून यंत्र बोटाची जागा ठरविते आणि त्याप्रमाणे पडद्यावरील बाण हलविते. म्हणजे पटलाला बोटाचा दाब कळतो असे नव्हे, तर बोटाचे सान्निध्य कळते. त्यामुळेच त्याच्या बहुतेक खोड्यांचे कारण आपणांस सहज समजू शकते. आपल्या भागात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. तेव्हा घामेजलेले बोट, हाताचा तेलकटपणा किंवा पटलावर साचलेली धूळ यांमुळे मोजणी चुकते आणि बाण थरथरू लागतो. विजेच्या जोडणीस अर्थिंग नीट नसेल, तर चार्जर लावलेला असतानाच बाण उड्या मारू लागतो. चार्जर काढताच तो शांत झाला, तर दोष कोठे आहे ते ओळखावे. "नाचता येईना, अंगण वाकडे" असे आपण म्हणतो खरे. पण कधी कधी अंगण खरोखरच वाकडे असते!

यावर काही प्राथमिक उपाय आहेत. लॅपटॉप बंद करून पटल कोरड्या, मऊ कापडाने पुसावे. हात धुऊन कोरडे करावेत. पटल मुळीच हालचाल करीत नसेल, तर कळफलकाच्या वरच्या ओळीतील एखाद्या कळेवर पटलाचे चित्र आहे का, ते पाहावे. चुकून ती दाबली गेल्यामुळे पटल बंद झालेले असू शकते. काही यंत्रांत त्या कळेसोबत एफ-एन ही कळही दाबावी लागते. तेवढ्याने भागले नाही, तर विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून इंग्रजीत 'टचपॅड' हा शब्द टंकित करावा आणि एंटर दाबावे. तेथे पटल चालू-बंद करण्याची आणि त्याची संवेदनक्षमता कमी-अधिक करण्याची सोय असते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पटल एका बाजूने वर उचललेले किंवा फुगलेले दिसले, तर खालची बॅटरी फुगली असण्याचा संभव असतो. अशा वेळी लॅपटॉप तत्काळ बंद करावा, चार्जर काढावा आणि यंत्र जाणकाराकडेच न्यावे. तेथे काटकसर करू नये.

येथे कोणी विचारील, की बोटाने बाण फिरविल्यावाचून संगणक चालणार तरी कसा? तर थोडा इतिहास पाहू. संगणकाचा 'माउस' हा अमेरिकेतील डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेतून निघाला. त्याचा पहिला लाकडी नमुना १९६४ साली तयार झाला आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी त्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे तो जाहीरपणे चालवून दाखविला. लॅपटॉपमधील स्पर्शपटल तर त्याहून धाकटे. ॲपल कंपनीच्या १९९४ सालच्या पॉवरबुक संगणकांपासून त्याचा प्रसार झाला. याउलट कळांवर बोटे चालविण्याची विद्या संगणकाहूनही जुनी आहे. आपल्या देशात गोदरेज कंपनीने टंकलेखनयंत्र तयार केले ते १९५५ साली, आणि त्या यंत्रांवर कित्येक पिढ्यांनी आपली उपजीविका केली. कळफलक हा थोरला भाऊ होय. धाकटा रुसला, तर थोरल्याने घर चालवावे, यात नवल ते काय?

आणखी एक दाखला देतो. दृष्टिहीन व्यक्तींना पडद्यावरील बाण दिसत नाही. म्हणून त्या जवळजवळ सर्व काम कळफलकावरच करतात. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी 'एनव्हीडीए' नावाची आज्ञावली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील दृष्टिहीन तरुणाने २००६ साली हाती घेतली. ती आज विनामूल्य मिळते आणि जगभर वापरली जाते. तेव्हा कळफलकाची वाट ही नाइलाजाची आडवाट नव्हे. असंख्य माणसे तिच्यावरूनच रोज ये-जा करीत असतात.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. पुढील रीती विंडोज-११ या प्रणालीस धरून सांगितल्या आहेत. जुन्या विंडोज-१० मध्येही त्या बहुतांशी लागू पडतात. पडद्यावरील शब्द इंग्रजी असल्यामुळे ते तसेच, पण आपल्या लिपीत दिले आहेत.

पहिली रीत फाईल किंवा फोल्डर यांच्यासाठी. विंडोजची कळ व ई ही अक्षरकळ एकत्र दाबली, की फाईलींची खिडकी उघडते. टॅब कळ दाबीत यादीपर्यंत जावे. फाईलीच्या नावाचे पहिले अक्षर दाबले, की निवड तेथे उडी घेते; फोल्डर उघडण्यास एंटर पुरे. हवी ती फाईल निवडली गेल्यावर शिफ्ट व एफ-१० या कळा एकत्र दाबाव्यात. उजव्या क्लिकने उघडणारी यादी यायोगे उघडते. काही लॅपटॉपांत एफ-१० साठी एफ-एन हीही कळ सोबत धरावी लागते. यादीत खालच्या बाणाच्या कळेने 'सेंड टू' पर्यंत जावे, उजव्या बाणाने आतील यादी उघडावी, 'डेस्कटॉप, क्रिएट शॉर्टकट' या ओळीवर थांबून एंटर दाबावे. शॉर्टकट तयार झाला. या रीतीत फाईल ओढावयाची नसल्यामुळे ती वाटेत सांडण्याचे भय नाही.

दुसरी रीत संगणकातील आज्ञावलींसाठी. विंडोज व आर या कळा एकत्र दाबल्या, की एक लहान चौकट उघडते. तीत 'शेल', मग विसर्गासारखे दिसणारे कोलनचिन्ह, मग 'ॲप्सफोल्डर' ही अक्षरे रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहून एंटर दाबावे. संगणकातील आज्ञावलींची यादी समोर येते. हवी ती निवडून पुन्हा शिफ्ट व एफ-१० दाबावे आणि 'क्रिएट शॉर्टकट' निवडावे. येथे शॉर्टकट करता येत नाही, डेस्कटॉपवर ठेवू काय, असे संगणक विचारील. एंटर दाबून होकार द्यावा.

तिसरी रीत संकेतस्थळांसाठी. परीक्षामंडळाचे किंवा शिष्यवृत्तीचे पान वारंवार पाहावे लागते, तेव्हा ही उपयोगी पडते. पान उघडे असताना कंट्रोल व एल दाबावे, म्हणजे वरचा पत्ता निवडला जातो. कंट्रोल व सी यांनी त्याची नक्कल घ्यावी. विंडोज व डी यांनी डेस्कटॉपवर यावे. तेथे एखादे चित्र निवडलेले असल्यास कंट्रोल व स्पेस दाबून निवड सोडवावी. मग शिफ्ट व एफ-१० दाबून 'न्यू' आणि त्यातून 'शॉर्टकट' निवडावे. समोर आलेल्या रकान्यात कंट्रोल व व्ही यांनी पत्ता उतरवावा, एंटर दाबावे, आपणांस कळेल असे नाव द्यावे आणि पुन्हा एंटर दाबावे.

शॉर्टकट झाला, पण तो उघडण्यास तरी पटल लागेलच ना? तेही लागत नाही. विंडोज व डी यांनी डेस्कटॉपवर येऊन बाणाच्या कळांनी तो निवडावा व एंटर दाबावे. याहूनही सोपी युक्ती अशी : शॉर्टकट निवडून आल्ट व एंटर दाबावे. उघडलेल्या चौकटीत टॅबने 'शॉर्टकट की' या रकान्यापर्यंत जावे आणि एखादे अक्षर, समजा पी, दाबावे. तेथे 'कंट्रोल, आल्ट, पी' असे आपोआप उमटते. एंटर दाबून चौकट मिटवावी. यापुढे त्या तीन कळा एकत्र दाबल्या, की ती फाईल उघडेल. वर सांगितलेल्या विद्यार्थिनीने आपल्या प्रकल्पास हेच अक्षर दिले होते.

ज्या लॅपटॉपांस उजव्या बाजूस अंकांच्या कळांचा स्वतंत्र गट असतो, त्यांत आणखी एक सोय आहे. डावीकडील आल्ट, डावीकडील शिफ्ट आणि नम-लॉक या तीन कळा एकत्र दाबल्या, की अनुमती विचारणारी चौकट येते. एंटर दाबून होकार दिल्यावर अंककळांनी पडद्यावरील बाण हलविता येतो; ५ हा अंक क्लिकचे काम करतो. ही गती मंद खरी, परंतु एखादे बटण अन्य उपायाने हाती लागत नसेल, तर ती वेळ निभावून नेते.

हे सारे वाचून एकदम पाठ होणार नाही, आणि पाठ करण्याची आवश्यकताही नाही. पटल नीट चालत असताना एकदा पंधरा मिनिटे काढून, त्याला हात न लावता एक शॉर्टकट करून पाहावा; बोटांना वाट माहीत होते. शक्यतो घरातील धाकट्या भावंडांस किंवा आईवडिलांसही शेजारी बसवून ती दाखवावी. कारण साधन बिघडते ते नेमके आपल्या घाईच्या वेळी. आणि त्या वेळी उपयोगी पडते ती आधी करून ठेवलेली सवयच.

त्या विद्यार्थिनीने दुसऱ्या दिवशी प्रकल्प वेळेवर सादर केला. तो लॅपटॉप अद्याप आमच्या संगणककक्षात आहे, आणि त्याचे स्पर्शपटल आजही अधूनमधून रुसते. आता मात्र त्याच्याभोवती कोणी रडवेले होऊन बसत नाही.