नाताळची उपकारस्तुती

मालवणच्या उत्तरेस समुद्र आणि कालावल खाडी यांमधील चिंचोळ्या पट्टीवर तळाशील-तोंडवली वसली आहे. या किनारपट्टीवरील ख्रिस्ती घरांवर नाताळात चांदण्यांचे कंदील लागले, की कोकणचेच सुपुत्र रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. येथील ख्रिस्ती बहुतांशी कॅथलिक, तर टिळक प्रॉटेस्टंट. पण कृतज्ञतेला पंथाचे कुंपण कशाला?

१८६१ साली करजगावी जन्मलेल्या टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचे मोल लक्ष्मीबाईंनाही द्यावे लागले. पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तथापि ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या दिवसांविषयी कडवटपणा नाही, उलट खळखळून हसणे आहे. टिळकांनी तर देवाची उपकारस्तुती विलायती चालींतून सोडवून अभंग-भजनांच्या वळणावर आणली.

मात्र कृतज्ञता म्हणजे मुकाट्याने सोसणे, असे कोणी सांगू लागल्यास ते मानण्याचे कारण नाही. रापण ओढणाऱ्याने हाती आलेल्या मासळीबद्दल प्रभूचे आभार मानावेत, आणि पर्ससीन जाळ्यांविरुद्ध दादही मागावी. बायबलातील स्तोत्रसंहितेत स्तुती आणि गाऱ्हाणे शेजारीशेजारी नांदतात. आणि गाऱ्हाणे कसे घालावे, हे मालवणी माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.