नाव दिलं म्हणजे जामीन राहिलो का?

व्हिसाच्या अर्जात तिकडच्या माणसाचं नाव टाकायची वेळ आली की दोन तऱ्हेचे नातेवाईक भेटतात. एक, "माझं नाव नको हं घालूस, उद्या काही झालं तर निस्तरायचं कोणी?" म्हणणारा. दुसरा, "आण इकडे" म्हणत समोर येईल त्या कागदावर सही ठोकणारा. पतपेढीच्या कर्जाला जामीन राहून हात पोळलेले लोक घरोघरी आहेत, तेव्हा पहिल्याची भीती समजण्यासारखी आहे. पण बहुतेकदा तो ज्याला भितो त्यात भिण्यासारखं काही नसतं, आणि दुसऱ्याने न वाचता सही केलेला कागद मात्र वाचायलाच हवा होता.

अमेरिकेचंच बघा. डीएस-१६० या अर्जात तिथल्या संपर्काचं एक पान असतं. माणसाचं किंवा संस्थेचं नाव, नातं, पत्ता, फोन, ईमेल. ज्याचं नाव दिलं त्याची कुठेही सही नाही, म्हणून त्याच्यावर कसलीही हमी नाही. ओळखीचं कुणी नसेल तर हॉटेलचं नाव-पत्ता चालतो.

नाव देण्याच्या भीतीहून घातक सल्ला वेगळाच आहे. "मुलगा तिकडे असतो हे सांगूच नका, त्यांना वाटेल तुम्ही परत येणार नाही." जवळचे नातेवाईक अमेरिकेत आहेत का, हा प्रश्न त्याच अर्जात स्वतंत्रपणे विचारलेला असतो. तिथे 'नाही' लिहिलं आणि खरं बाहेर आलं, तर खोटी माहिती दिल्याबद्दल कायमची प्रवेशबंदी होऊ शकते. "एजंटाने परस्पर भरलं" ही सबब चालत नाही. अर्ज भरायला कुणी मदत केली का, हेही तिथे विचारतातच.

मुलाच्या पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि नोटरी केलेलं हमीपत्र असा गठ्ठा छातीशी धरून मुंबईत बीकेसीला अमेरिकी वकिलातीच्या रांगेत उभे राहणारे आई-वडील तर ठरलेलेच. पर्यटक व्हिसाला आमंत्रणपत्र किंवा हमीपत्र लागत नाही, असं अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्वतःच सांगतं. समोरचा माणूस कायमचा राहायलाच निघालाय, असं तिथल्या कायद्याप्रमाणे अधिकाऱ्याला गृहीत धरावं लागतं. ते खोडून काढायचं काम अर्जदाराचं. मुलगा लठ्ठ पगार घेतो म्हणून वडील परत येतील, हे कसं सिद्ध होणार? त्यापेक्षा इथली पेन्शन, घर, शेती, चालू धंदा यांना वजन असतं.

ग्रीन कार्डासाठीचा आय-८६४ हा हमीचा कागद मात्र याच घरातला असूनही निराळा. तो कायदेशीर करार आहे. सही करणाऱ्याचं उत्पन्न साधारणपणे दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के लागतं, आणि आलेला माणूस नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या जमेपर्यंत जबाबदारी सहसा सुटत नाही. नवरा-बायकोच्या बाबतीत घटस्फोट झाला तरी नाही.

जर्मनीतला कागद आणखी जड. त्याचं नाव फेरप्फ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग, म्हणजे पाहुण्याच्या खर्चाची लेखी हमी. ते एका दमात म्हणता आलं नाही तरी चालेल, मजकूर वाचल्याशिवाय सही करू नये. लेक श्टुटगार्टला असेल तर तिने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात स्वतः जायचं, पगाराच्या स्लिपा आणि घरभाड्याचा करार दाखवायचा, २९ युरो भरून अधिकाऱ्यासमोर सही करायची. त्यानंतर पाहुण्याच्या राहण्याजेवणावर, आजारपणावर किंवा त्याला परत पाठवण्यावर सरकारी तिजोरीतून जो खर्च होईल, तो तिच्याकडून वसूल होऊ शकतो. कायद्याने ही मुदत पाच वर्षांपर्यंत जाते. "प्रवास विमा आहे ना" म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही, कारण शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा विमा लागत असला तरी जुनी दुखणी अनेक पॉलिसींत बसत नाहीत.

कागद नुसता नावापुरता नसतो, हे जर्मनीतल्या लोकांनी सीरियाच्या युद्धाच्या काळात अनुभवलं. नातेवाइकांना बोलावून घेण्यासाठी अनेकांनी अशा सह्या केल्या. आलेल्यांना निर्वासित म्हणून मान्यता मिळाली की आपण मोकळे, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात हजारो युरोंची बिलं आली. मान्यता मिळाली तरी हमी संपत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये दिला. पुढे सरकारने बऱ्याच जणांची वसुली सोडून दिली, पण तोवर झोप उडालेलीच. आई-वडिलांची स्वतःची पुंजी दाखवण्याइतकी असेल, तर ही सही मुळात टाळता येते. उगाच मुलीला अडकवू नये. आणि सही केली तरी व्हिसा मिळेलच असं नाही. माणूस परतेल का, हे तिथेही पाहतात.

जपान याच्या दुसऱ्या टोकाला. नातेवाइकांकडे जाणाऱ्यांसाठी तिथला हमीदार राहण्याचा आणि परतीचा खर्च, कायद्याचं पालन असं सगळं लिहून देतो, पण जबाबदारी नैतिक मानली जाते. कोर्टात कुणी खेचत नाही. शब्द पाळला नाही तर पुढच्या वेळी त्याच्या हमीला किंमत राहत नाही, एवढंच.

आता उलट्या दिशेने. परदेशी मित्र भारताच्या ई-व्हिसाच्या अर्जात 'भारतातील संदर्भ' म्हणून तुमचं नाव घालू म्हणाला, तर खुशाल हो म्हणा. विचारणा झाली तर फोन उचला, म्हणजे झालं. मात्र त्याला स्वतःच्या घरी उतरवणार असाल, तर तो आल्यापासून २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवायचं असतं. हॉटेलवाले हे रोज करतात. घरच्या यजमानाला बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं.