कासवाच्या दुकानातले आजोबा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत दुपारी जेवणाची सुट्टी झाली की शेडमधला खडखडाट थांबतो आणि कान काही वेळ उगाच वाजत राहतात. परवा एका चादरीच्या कारखान्यात अशाच सुट्टीत बसलो होतो. जकार्डवर काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कामगाराचा डबा घेऊन त्याचा नातू आला होता. पूर्वभागातलं तेलुगू घर, त्यामुळे आजोबा म्हणजे ‘तात’. तात भाकरी मोडत होते आणि पोरगा मोबाइलवर ‘यु-गि-ओ’ बघत होता. पडद्यावर कुणी पत्ता आपटला की त्यातून अख्खा ड्रॅगन बाहेर यायचा.

“दिवसभर ह्येच बघतंय,” तात म्हणाले, आणि मग डोक्यावर लटकणाऱ्या भोकाभोकांच्या पुठ्ठ्यांच्या माळेकडे बोट करून हसले. “कार्डच की ओ ते पण. त्याचे खेळायचे, आमचे विणायचे.”

तात बोलले ते खरंच आहे. जकार्डच्या एका कार्डावर चादरीतला बाण्याचा एक धागा ठरतो. भोक असेल तिथला ताणा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. अशी शेकडो कार्डं दोरीने ओवली की त्यातून नक्षी उतरते. (‘जकार्ड’ या शब्दातलं ‘कार्ड’ मात्र योगायोगाचं. ते 1804 च्या सुमारास हे यंत्र घडवणाऱ्या फ्रान्समधल्या जाकार याचं आडनाव.) मी पोराला विचारलं, ‘यु-गि-ओ’तलं तुला कोण आवडतं? मला वाटलं, ड्रॅगनवाला श्रीमंत पोरगा म्हणेल. तो म्हणाला, “ह्याचा आजोबा. पण तो हरतो.”

हे उत्तर डोक्यातून जाईना, म्हणून हा लेख.

‘यु-गि-ओ’ ही मूळ काझुकी ताकाहाशी यांची चित्रकथा. जपानच्या ‘शोनेन जम्प’ साप्ताहिकात ती 1996 ते 2004 या काळात आली. सुरुवातीला ती पत्त्यांची कथा नव्हतीच. नाना तऱ्हेचे खेळ आणि त्यांत हरणाऱ्यांना मिळणाऱ्या भयंकर शिक्षा, असा तिचा मामला होता. त्यात एक पत्त्यांचा खेळ पाहुण्यासारखा येऊन गेला, वाचकांची पत्रांवर पत्रं आली आणि पाहुण्याने घर ताब्यात घेतलं. 2000 साली सुरू झालेली अ‍ॅनिमे मालिका त्या पत्त्यांवरच उभी आहे, 224 भागांची.

नायकाचं नाव युगी. जपानीत त्याचा अर्थ ‘खेळ’. आजोबांचं नाव सुगोरोकु, आणि सुगोरोकु म्हणजे फाशांवर सोंगट्या हलवायचा जुना जपानी खेळ. आपल्याकडे एखाद्या आजोबांचं नाव ‘सारीपाट’ ठेवावं तसं! या खेळाचं तिथे इतकं वेड होतं की 689 साली सम्राज्ञी जितो हिने त्यावर बंदी घातली. धर्मराजाच्या काळात अशी कुणी सम्राज्ञी असती तर महाभारत बरंच आटोपशीर झालं असतं. इंग्रजी अवतारात या आजोबांना ‘सॉलोमन’ केलं आणि नावातली गंमत गेली. त्यांचं खेळण्यांचं दुकान आहे ‘कामे’ नावाचं. कामे म्हणजे कासव.

पहिल्याच भागात आजोबांकडे एक पत्ता असतो, निळ्या डोळ्यांचा पांढरा ड्रॅगन. जगात असे चारच. कैबा नावाचा धनाढ्य पोरगा पेटीभर दुर्मीळ पत्ते घेऊन दुकानात येतो आणि म्हणतो, हे सगळे घ्या, तो एक द्या. आजोबा नाही म्हणतात. पत्ता जबरदस्त आहे म्हणून नव्हे, तो एका जिवलग मित्राने दिलाय म्हणून. कैबाला हे कारण कळतच नाही. तो आजोबांना खेळायला भाग पाडतो, हरवतो आणि जिंकलेला पत्ता त्यांच्यासमोर टराटरा फाडतो. उरलेले तीन त्याच्याकडेच असतात, चौथा कुणाच्या हाती लागायला नको. आजोबा कोसळतात. दवाखान्यात जाण्याआधी ते आपला अख्खा जोड नातवाच्या हातात देतात, आणि त्याच जोडातल्या पाच तुकड्यांच्या एक्झोडियाने नातू कैबाला हरवतो.

कथांमधले गुरू एरवी एखादा गुप्त डाव शिकवतात आणि मग डोंगरावर निघून जातात. हा म्हातारा डाव वगैरे काही शिकवत नाही. तो एक वस्तू विकायला नकार देतो, त्यापायी हरतो आणि बाकीचं सोपवून मोकळा होतो. माझ्या मते मालिकेतला सगळ्यात खरा माणूस तोच. पुढच्या भागांत लेखकांनी त्याला अडगळीत टाकलं हा त्यांचा करंटेपणा. दुसऱ्याच भागात त्याचा आत्मा एका व्हिडिओ कॅसेटमध्ये कोंडला जातो आणि तो नुसता सोडवून आणायचा आजोबा होऊन बसतो. आणखी एक गंमत अशी की न विकलेल्या पत्त्यापासून सुरू झालेल्या या मालिकेच्या नावावर 2011 पर्यंत अडीच हजार कोटींहून जास्त पत्ते विकले गेले. गिनेस बुकात त्याची नोंद आहे.

आपल्याकडे पत्ते खेळणाऱ्या आजोबांना मान कधी होता? ‘पत्ते कुटत बसलाय’ हा शब्दप्रयोगच आपलं मत सांगून टाकतो. तरी मे महिन्याच्या दुपारी भिकार-सावकार आणि झब्बू नातवंडांना शिकवले ते त्याच कुटणाऱ्यांनी. पण सुगोरोकु आजोबांचा खरा भाऊबंद शोधायचा तर सोलापुरातून थेट कोकणात उतरावं लागतं, सावंतवाडीला.

तिथली गंजिफा गोल. नाव फारसी, खेळ मुघलांबरोबर आलेला. बाबराने 1527 साली गंजिफा भेट पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. मुघली जोडात आठ रंग आणि 96 पानं. आपल्या लोकांनी त्यात विष्णूचे दहा अवतार बसवले आणि पानं 120 झाली. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. मत्स्याचे मासे, परशुरामाच्या कुऱ्हाडी आणि कूर्माची कासवं. म्हणजे कासवाचं दुकान आपल्याकडेही होतंच. तिघांनी खेळायचं, वाट्याला चाळीस-चाळीस पानं, हुकूम नाही. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने सुरुवात करायची, रात्री कृष्णाच्या राजाचा मान. शिवाय निम्म्या रंगांत दश्शी भारी आणि निम्म्यांत एक्का. कुठली पानं पडून गेली हे ध्यानात ठेवताना भल्याभल्यांचा घाम निघतो.

ही पानं रंगवणारे ते चितारी. पूर्वीची रीत म्हणजे कापडाला चिंचोक्यांची खळ लावायची, घासून गुळगुळीत करायचं, रंगवायचं आणि वर लाखेचा हात द्यायचा. सोलापुरात कार्डावरून कापड निघतं, सावंतवाडीत कापडाचं कार्ड होत होतं. छापील, स्वस्त, चौकोनी पत्ते आले आणि हा धंदा बसला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गंजिफा करणारे जवळपास संपले होते. मागे राहिले होते वयोवृद्ध पुंडलिक चितारी.

त्यांच्याकडे शिकायला आले ते राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी. जोडा संस्थानिकांचा, आणि गुरू ज्याच्या पूर्वजांनी दरबारासाठी पानं रंगवली तो. कैबाही श्रीमंतच होता, पण तो पत्ता घ्यायला आला होता. हे दोघं पत्ता कसा होतो ते शिकायला बसले. 1971 च्या सुमारास राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये काम सुरू झालं, गावातली तरुण मुलं हाताशी आली. शिवरामराजे 1995 मध्ये गेले, सत्त्वशीलादेवींनी ते पुढे चालवलं, त्या 2018 मध्ये गेल्या. गंजिफा अजून रंगवली जाते. चितारींनी तेव्हा ‘आता कोण खेळतंय’ म्हणून हात झटकले असते, तर त्यांना कुणीही दोष दिला नसता.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तेव्हा पोराला मी हे सगळं सांगू शकलो नाही. एवढंच विचारलं, “तातांनी कार्डं ओवायला शिकवलंय का?” तो म्हणाला, “शिकवलंय. पण नवीन मशीनला कार्ड लागत नाही, कॉम्प्युटर असतो.” ते खरं आहे, इलेक्ट्रॉनिक जकार्डला पुठ्ठा लागत नाही. तात काही बोलले नाहीत. डबा बंद केला आणि यंत्राकडे गेले.

वाचकांना एक विनंती. आजोळच्या माळ्यावर किंवा देवघराच्या फडताळात एखादी रंगीत लाकडी पेटी आणि आत गोल पानं सापडली, तर ती भंगारात किंवा पुराणवस्तूंच्या दलालाला देण्याआधी मोजून पाहा. 120 भरली तर दशावतारी, 96 भरली तर मुघली, जिला चंगकांचनी म्हणतात. आणि ती खेळता येणारं कुणी घरात असेल, तर डाव मांडायला त्यांनाच सांगा.