चुलीला कुठली टाळेबंदी?

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली आणि रत्नागिरीत ताजी मासळी मिळेना. मग सुकट, सुके बांगडे, कुळथाची पिठी पुन्हा ताटात आली. हे बरंच झालं म्हणा! पण हापूस वेळेवर मुंबईला जाईना, म्हणून घरात रोज आमरस. चार वाजता भजी, रात्री अकराला चहा, फिरणं बंद. बचत गटातल्या मैत्रिणी फोनवर सांगायच्या, "ताई, आमच्या ह्यांची साखर वाढलीय हो!" आणि तुझी गं? ती कुणी तपासलीच नव्हती. सगळ्यांना गरमगरम वाढून हिचं जेवण तीनला, तेही उरलेलं. पुढे कचेऱ्या उघडल्या, टाळेबंदी उठली. पण मैत्रिणींनो, कित्येक घरांत चारची भजी अजून सुटलेली नाहीत, आणि हिचं तीनचं जेवणही.