हातसंगणकावर ‘क्विंटल’ लिहिताना

बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातील तुरीचे वाण असो वा भौगोलिक मानांकन लाभलेली जालन्याची मोसंबी, पिकाच्या नोंदी बांधावरच टिपायच्या तर तळहातावर मावणारे लिनक्स उपकरण उपयोगी पडू शकते. लिनक्स ही कोणालाही वापरता आणि बदलता येणारी मुक्त संगणकप्रणाली असून, तिच्यावर चालणारा ‘सिम्प्युटर’ हा भारतीय हातसंगणक बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने घडला आणि २००४ साली बाजारात आला. अशा उपकरणासाठी टेक्स्ट एडिटर, म्हणजे सजावटीविना नुसता मजकूर लिहिण्याचे साधन, निवडताना बहुधा आकार आणि वेग पाहिला जातो. मराठीची कसोटी मात्र निराळी आहे.

बाजार समितीच्या पट्टीवर रोज उमटणारा ‘क्विंटल’ हा शब्द घ्यावा. वाचणाऱ्याला त्यात तीनच अक्षरे दिसतात. परंतु युनिकोड या जागतिक लिपिसंकेतानुसार तो क, पाय मोडण्याचे चिन्ह, व, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, ट आणि ल अशा ७ संकेतांनी साठवला जातो आणि यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत प्रत्येक देवनागरी संकेताला ३ बाइट लागत असल्यामुळे फाइलमध्ये २१ बाइट जागा व्यापतो. वेलांटी साठवणीत ‘व’नंतर येते, पडद्यावर मात्र ती ‘क्व’च्याही आधी काढावी लागते. ही जुळणी करणारी यंत्रणा लिनक्सच्या मूळ कन्सोलमध्ये, म्हणजे खिडक्यांविना चालणाऱ्या अक्षरपडद्यावर, नसतेच. तेथे एका वेळी फार तर ५१२ अक्षराकृती मावतात आणि जोडाक्षरे विस्कटतात.

बिल जॉय यांनी १९७६ साली लिहिलेल्या ‘व्हीआय’ या एडिटरमध्ये आज्ञा देण्याची आणि लिहिण्याची अवस्था वेगळी असते, व आज्ञा रोमन अक्षरांच्या असल्याने इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या कळफलकावर मराठी लिहिणाऱ्याला वारंवार कळफलक बदलावा लागतो. ‘नॅनो’ शिकायला सोपा, कारण त्याच्या आज्ञा पडद्याच्या तळाशीच छापलेल्या असतात. पण देवनागरी कशी दिसेल हे त्याच्याही हाती नसून तो ज्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या पडद्यात, चालतो त्याच्या हाती असते. ‘माऊसपॅड’सारखा खिडकीत चालणारा साधा एडिटर थोडी अधिक मेमरी घेतो, तरी ‘हार्फबझ’ या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या आधारे जोडाक्षरे नीट मांडतो, म्हणून मराठी नोंदींसाठी तोच श्रेयस्कर होय. अर्थात निवड पक्की करण्यापूर्वी त्यात ‘क्विंटल’ लिहून फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करावी, बंद करून पुन्हा उघडावी, आणि वेलांटी जागच्या जागी दिसते की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.