वरणावरचे तूप आणि ‘नॅनो’ची बाटली

पालकसभा आटोपल्यावर आठवीतील एका विद्यार्थ्याची आई आमच्याकडे आली. तिने पिशवीतून एक लहान बाटली काढली. “गुरुजी, ह्यात नॅनो हळद हाय म्हणत्यात. पोराची ताकद वाढंल का?” बाटलीची किंमत तिच्या चार दिवसांच्या मजुरीएवढी होती. आम्ही इतिहासाचे शिक्षक. उत्तर ठाऊक नव्हते. आठवड्याची मुदत मागितली, विज्ञानाच्या सहकाऱ्यांना विचारले, ग्रंथ चाळले. जे उमगले ते येथे मांडत आहोत.

एका मीटरचे शंभर कोटी समान भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून खाल्लेल्या हळदीतील फारच थोडे रक्तात उतरते. यावर उपाय म्हणून कारखान्यात तेलाचे शेकडो नॅनोमीटरहूनही लहान थेंब करून त्यांत ते भरतात. हेच मेदाचे नॅनोकण.

हे कण जसेच्या तसे रक्तात शिरतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बहुतांशी चुकीची आहे. कण पचणाऱ्या तेलाचा असेल, तर लहान आतड्यात पित्तरस त्याला वेढतो आणि स्वादुपिंडातील लायपेज हे विकर त्याचे तुकडे करते. थेंब जितका लहान, तितका त्याचा पृष्ठभाग तुलनेने मोठा आणि पचन तितके शीघ्र. त्या तुकड्यांचे पित्तक्षारांसह अवघ्या काही नॅनोमीटरचे पुंजके बनतात व आतड्याच्या पेशींपर्यंत पोहोचतात.

पुढचा भाग वाचून आम्ही थक्क झालो. आतड्याच्या पेशी त्या तुकड्यांतून पुन्हा मेद जुळवतात आणि त्याचे सुमारे ७५ ते ६०० नॅनोमीटरचे कण बांधतात. त्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात. रक्तकेशिकांत शिरण्यास ते मोठे ठरतात, म्हणून लसिकावाहिन्यांतून वर चढून मानेच्या मुळाशी, डाव्या बाजूस, शिरेत उतरतात. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे याच वाहनातून प्रवास करतात. स्निग्ध जेवणानंतर काही तास रक्तद्रव दुधाळ दिसतो तो याच कणांमुळे. म्हणजे वरणावर चमचाभर तूप घेणारे प्रत्येक मूल आपल्या पोटात नॅनोकण घडवीतच असते, तेही विनामूल्य!

मग धोका मुळीच नाही का? आहे, पण तो कणापेक्षा त्यातील मालात आहे. अ आणि ड ही जीवनसत्त्वे शरीरात साठून राहतात. शोषण वाढले की जुने प्रमाण अधिक ठरू शकते. न पचणाऱ्या तेलाचे कण असतील, तर वरील हिशेब लागू पडत नाही. इटलीत २०१९ साली हळदीची पूरके घेणाऱ्या काहींना यकृतदाह झाल्याच्या नोंदी झाल्या व तेथील आरोग्य मंत्रालयाने चौकशी केली. तो प्रश्न पूरकांचा होता, भाजीतल्या चिमूटभर हळदीचा नव्हे. युरोपीय संघात खाद्यपदार्थातील कृत्रिम नॅनोघटकाच्या नावापुढे ‘नॅनो’ असे छापणे २०१४ च्या डिसेंबरपासून बंधनकारक आहे. तेथे ती ग्राहकासाठी सूचना असते. आमच्या बाजारात तोच शब्द जाहिरात होऊन बसला आहे.

आठवड्याने त्या माउलीला आम्ही एवढेच सांगितले, की ताकद वाढेल असे बाटलीवरील मजकुरातून सिद्ध होत नाही. त्या पैशांत अंडी, शेंगदाणे आणावेत, फोडणीत हळद आहेच. तिने बाटली विक्रेत्याकडे परत नेली. त्याने निम्मेच पैसे दिले.