बीज पिकते कसे? दोष सुनेलाच का?

लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की मालवण किनाऱ्यावरच्या आपल्या बौद्धवाड्यांतही बोट सुनेकडेच जाते. कुणी अंगारा आणतो, कुणी देवस्कीवाल्याकडे न्यायला सांगतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे शोभत नाही. म्हणून या वेळी आम्ही स्त्रीबीजाचीच गोष्ट सांगतो.

मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख अपक्व बीजे असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. पिकून बाहेर पडतात ती आयुष्यभरात चारशे-पाचशे. बाकीची विरून जातात. तोवर ती अर्ध्या विभाजनावर वर्षानुवर्षे थांबलेली असतात. या थांबण्यात आणि पिकण्यात नायट्रिक ऑक्साइड या वायूचाही हात असतो.

हा वायू आपलेच शरीर प्रथिनांतल्या आर्जिनिन या घटकापासून बनवते. तो काही सेकंदच टिकतो, पण पेशींना निरोप देतो. रक्तवाहिन्या सैल करणारा निरोप्या हाच, या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ मध्ये नोबेल मिळाले. बीजाभोवतीच्या पेशींत तो सी-जीएमपी हे रसायन वाढवायला मदत करतो. ते बीजात शिरत असते तोवर बीज थांबून राहते. पाळीच्या चक्राच्या मध्याला मेंदूखालच्या ग्रंथीतून एलएच हे संप्रेरक उसळते, सी-जीएमपी घटते आणि बीज पिकू लागते.

वायू बनवणारे एक जनुक काढलेल्या उंदरांच्या माद्यांत बीजे कमी सुटली, काही नीट पिकलीही नाहीत. उलट, प्रयोगशाळेत वायूची मात्रा जास्त झाली तर पिकणे अडते. म्हणजे कमीही नको, जास्तही नको. हे ज्ञान मुख्यतः जनावरांच्या बीजांवरून आलेले आहे. तेव्हा ‘नायट्रिक ऑक्साइड वाढवा, मूल होईल’ असे सांगून कुणी पावडर विकू लागला तर मासळीचे, मजुरीचे पैसे त्यात घालू नका.

मग काय करावे? वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर दोघांनी मिळून तपासणी करावी. बाईचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच जावे. जवळच्या आरोग्य केंद्रातून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागावी. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडेही कारण सापडते, आणि वीर्याची तपासणी सोपी असते. ती आधी व्हावी. विडी-सिगारेट, तंबाखू, दारू दोघांनीही सोडावी. धूम्रपान करणाऱ्या बायकांची पाळी वर्ष-दोन वर्षे आधी जाते. मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे, हे घरातल्या आयांना सांगा. पंचशीलातले पाचवे शील इथेही उपयोगी पडते.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. ते रुग्णालय महापालिकेचे, गोरगरिबांचे. तिथे उपयोगी पडले ते बीजाचे ज्ञान.

आणि उपचारानंतरही मूल झाले नाही, तरी सुनेचा मान तसूभरही कमी होता कामा नये. जय भीम.